बदलाचे कारण

शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतून राऊळबाई म्हणाल्या,
रक्तगट कसा बदलेल हो?
पत्ता बदलतो, मोबाइल नंबर बदलतो,
एका मुलाचं तर आडनावसुद्धा बदललंय मी.
पण हे?
आणि ओळखपत्रावरच्या बी पॉझिटिव्हवर
नखानं टकटक केलं.

मी गोराई डेपोत मेकॅनिक.
गाडीचं काय बिघडलंय ते आवाजावरून सांगतो.
निहारचं नऊ महिने कळलं नाही.
नुसता पांढरा पडत गेला,
धुऊन धुऊन विटलेल्या युनिफॉर्मसारखा.
मग कळलं, बिघाड माझ्यातही होता, हिच्यातही,
अर्धा अर्धा,
चालत्या गाडीत कुणाला ऐकू न येणारा.
लग्नात छत्तीसातले अठ्ठावीस जुळले होते.
भटजींनी रक्त सोडून सगळं पाहिलं होतं.

दर वीस दिवसांनी एक पिशवी.
एकशे सतरापर्यंत लिहून ठेवल्या, मग वही संपली.
मंडळाच्या शिबिरातल्या, कॉलेजातल्या पोरांच्या,
एक केळं आणि बिस्किटाच्या पुड्यावर दिलेल्या,
कुणाकुणाच्या.
रात्री पोटाला सुई, उशाशी छोटा पंप,
आत साचलेलं लोखंड उपसायला.
डेपोत आम्ही पत्र्याचा गंज खरवडतो.
पोराच्या काळजावरचा
कुठल्या पॉलिशपेपरनं खरवडायचा?

ओवी पाच वर्षांची, सतरा किलो.
तिचा रिपोर्ट आला: दहापैकी दहा.
अशी पत्रिका मी पहिल्यांदाच पाहिली.
तिनं डॉक्टरांना विचारलं, माझं संपलं तर?
ते म्हणाले, विहिरीसारखं असतं बाळ,
उपसलं की पुन्हा भरतं.
तिनं विहीर पाहिलेली नव्हती.
मी म्हटलं, अगं, टाकीसारखं,
सकाळी साडेपाचला पाणी येतं ना, तसं.
तेव्हा तिला पटलं.

आधी निहारचं जुनं सगळं मारावं लागेल, म्हणाले.
सगळं म्हणजे सगळंच.
मी सही केली, तीन ठिकाणी.
इंजिन उतरवून ठेवलेली बस मी पाहिलीय.
तिला कोणी धीर देत नाही,
चाकांखाली फक्त विटा लावतात.
नऊ दिवस तो तसा होता.
केस उशीवर, तोंड आतून सोललेलं,
आणि काचेच्या अलीकडे मी,
कोपरापर्यंत हात धुऊन, बिनकामाचा.

ओवीच्या कमरेच्या हाडातून काढलेली ती पिशवी
दिसायला टोमॅटोच्या सारासारखी.
साडेतीन तास, थेंब थेंब.
मला वाटलं होतं काहीतरी होईल.
सिस्टरनं वेळ लिहिली
आणि पेनाचं टोपण शोधत राहिली.

मग रोज सकाळी एक आकडा.
शून्य. शून्य. शून्य.
समोरच्या खोलीतली अल्फिया.
तिचा शून्यच राहिला.
तिच्या अब्बांनी नवा कुकर घासून माझ्या हातात दिला,
म्हणाले, तुमच्या कामाला येईल.
सहा महिने त्यात निहारची खिचडी शिजली.
दर शिट्टीला ही हातातलं काम थांबवायची.

सतराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, रुजलं.
शेतातला शब्द,
आठव्या मजल्यावर, एसीत.

आता त्याच्या अंगात ओवीचं रक्त आहे.
लशी पुन्हा पहिल्यापासून, तान्ह्या बाळासारख्या.
ती त्याच्या बिस्किटातलं क्रीम खरवडून खाते,
व्याज आहे म्हणते.
भांडण झालं की ओरडते, दे माझं परत,
आणि आम्ही दोघं
उगाच दुसऱ्या खोलीत जातो.

हे राऊळबाईंना सांगितलं नाही.
मागे सात-आठ जण उभे होते.
त्यांनी फॉर्म सरकवला.
जुनी नोंद: बी पॉझिटिव्ह.
नवी नोंद: ओ पॉझिटिव्ह.
बदलाचे कारण, असा एक रकाना,
जेमतेम दोन बोटं रुंद.
मी लिहिलं: बहीण.

त्यांनी वाचलं.
शिक्का पॅडवर जरा जास्तच वेळ दाबून धरला.
वीस रुपये, म्हणाल्या,
सुटे द्या.